म्हात्रे साहेबांचा रिलिव्हर

"घरात कौलं कोण परततं?"

संगणक घ्यायचाय, कुठला बरा, असं विचारत आलेल्या माणसाला दामोदर म्हात्रे पहिला प्रश्न हा करायचे. माणूस गोंधळायचा. तो बिचारा मुलांचा अभ्यास, परदेशातल्या लेकीशी बोलणं, असलं काहीतरी सांगायच्या तयारीनं आलेला असायचा, आणि राहत असायचा स्लॅबच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या डोक्यावर कौल नव्हतंच. पण म्हात्रे साहेबांनी एकदा खुर्ची ओढली की त्याची अर्धी दुपार गेली म्हणून समजावं.

"विंडोज म्हंजे भाड्याचं घर," ते सुरू करायचे. "सोय चांगली हाय. नळ बिघडला तर बाजारातला कोणी पण येऊन बघतो. पण मालकाच्या मनात आलं की तो भिंतीला रंग देणार. तुम्ही जेवायला बसलेले असा, नायतर झोपलेले असा. मॅक म्हंजे मोठ्या सोसायटीतला फ्लॅट. देखणा हाय, वादच नाय. पण खिळा ठोकायचा तर अर्ज करा. आणि लिनक्स म्हंजे गावचं घर. भाडं नाय, मालक नाय. पण पावसाच्या आधी वर चढून कौलं आपली आपण परतायची. आता सांगा, घरात कौलं कोण परततं?"

माणूस कबूल करायचा, की तसं कोणी नाही.

"मी हाय की," म्हात्रे साहेब म्हणायचे, आणि खिशातून तंबाखूची डबी काढायचे. डबीवर दोनदा बोट आपटून ती उघडायचे. आत तंबाखू नव्हती. तंबाखू त्यांनी कधीच सोडली होती, पण डबी सुटली नव्हती, म्हणून तिच्यात पेनड्राइव्ह ठेवलेले असायचे. संध्याकाळपर्यंत त्या घरात लिनक्स बसलेलं असायचं, आणि आपण नेमकं काय मागायला गेलो होतो हे त्या माणसाला आठवत नसायचं.

मी रोह्याच्या एका वाचनालयात काम करते आणि राहते पेणला. म्हात्रे साहेब धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. तिथं कंट्रोल रूममध्ये शिफ्टचे प्रमुख होते. मूळचे पेणकडच्या खारेपाटातले, वडील मिठागरात कामाला. आता नवरा-बायको नदीपलीकडं अष्टमी गावात एका सोसायटीत राहायचे. मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको, कुंदाताई, आमच्या वाचनालयाच्या सगळ्यात खादाड वाचक. आठवड्याला दोन पुस्तकं, आणि तिसरं द्या म्हणून भांडण. त्यांची पुस्तकं बदलायला म्हात्रे साहेब यायचे. ते स्वतः मात्र पुस्तकाचं मलपृष्ठसुद्धा वाचत नसत.

पहिल्याच खेपेला आमचा संगणक पाव तास नुसता गोल फिरताना त्यांनी पाहिला आणि काउंटरच्या आत आले. कोणी बोलावलं नव्हतं. मी चहा मागवला तर म्हणाले, "मशीन उठल्याशिवाय चहा नाय, मॅडम." मला वाटलं, उपास असेल. तो त्यांचा नेम होता. कुणाच्याही घरी गेले तरी मशीन चालू होऊन कामाला लागल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. कपात साय धरायची, घरची बाई दुसरा टाकायला उठायची, तोही गार व्हायचा.

असे दोन नेम त्यांच्या अंगात कंपनीनं मुरवले होते. दुसरा रिलिव्हरचा. कंट्रोल रूममधला माणूस शिफ्ट संपली म्हणून उठून जाऊ शकत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, समोर यायचा, कुठला पंप चालू, कुठला बंद, ते त्याला समजावून चार्ज द्यायचा, मगच खुर्ची सोडायची. एकदा नागोठण्याला अंबा नदी रस्त्यावर आली आणि त्यांचा रिलिव्हर तिकडंच अडकला. म्हात्रे साहेब पहिल्या शिफ्टला गेलेले, ते दुसऱ्या दिवशी घरी आले. कुंदाताई दारातच उभ्या. "पुरात गेलात असं धरून चालले होते," एवढंच म्हणाल्या. हा किस्सा ते फुशारकीनं सांगायचे, आणि त्या बाजूला भाजी निवडत एकेक देठ जरा जास्तच जोरानं मोडायच्या.

म्हात्रे साहेब बरोबर असायचे असं नाही. हट्टी मात्र नेहमी असायचे. एका गणपतीत सोसायटीत त्यांनी पाककलेच्या जागी संगणकांची स्पर्धा ठेवायला लावली. मांडवात टेबलावर तीन यंत्रं मांडली. चेअरमन देशमुखांचा विंडोजचा लॅपटॉप, पुण्याहून आलेल्या एका सुनेचा मॅक आणि म्हात्रे साहेबांचं जुनंपुराणं लिनक्स. परीक्षक सोसायटीतल्या बायका. घरात लागतं तेवढंच करून दाखवायचं होतं. मशीन चालू करा, विजेचं बिल उघडा, नातवाचे फोटो दाखवा आणि शेवटी आरत्यांचा कागद छापून द्या. मीही त्या संध्याकाळी थांबले होते. लिनक्स सगळ्यांच्या आधी उठलं. बिल उघडलं, फोटो दिसले. म्हात्रे साहेबांनी मांडवभर अशी नजर फिरवली, की गणपतीनंच त्यांना शाबासकी दिली असावी.

मग प्रिंटर आला. प्रिंटर देशमुखांचा, आणि तो लिनक्सला ओळखच देईना. म्हात्रे साहेब टेबलाखाली शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. शर्ट घामानं पाठीला चिकटला. आरतीची वेळ टळून गेली तरी कोणाची हाक मारायची छाती होईना. शेवटी देशमुखांनी आपल्या लॅपटॉपवरून कागद छापले आणि झांजा वाजल्या. मत द्यायची वेळ आली तेव्हा बायकांनी भराभर विंडोजला हात वर केले. त्यात कुंदाताईंचाही हात होता.

म्हात्रे साहेबांनी आठवडाभर अबोला धरला. ते मला पुस्तकं बदलताना त्यांनीच सांगितलं, आणि वर विचारलं, "तुम्हीच सांगा मॅडम, घरच्या माणसानं असं करावं काय?" मी पुढं कुंदाताईंना विचारलं, तर त्या हसल्या. "मशीन त्यांचंच चांगलं हाय गो. पण मला आरती पायजे होती."

त्यानंतर दोनेक वर्षांनी कुंदाताईंचे डोळे गेले. सगळे नाही गेले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा काहीतरी आजार होता. कडेचं दिसायचं, समोरचं विरघळायचं. चष्म्याचा उपयोग नव्हता. एक दिवस म्हात्रे साहेब दोन पुस्तकं परत घेऊन आले आणि नवीन न घेता उभे राहिले. "काय करायचं तिचं, बाय?" असं म्हणाले. मॅडमची मी बाय झाले ती त्या दिवशी.

पण महिन्याभरात ते पुन्हा पुस्तकं न्यायला लागले. मला वाटलं, वाचून दाखवत असतील. एकदा अष्टमीला गेले तेव्हा पाहिलं. रोज सकाळी उजेड चांगला असताना ते पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि एकेक पान फोनवर टिपायचे. ती पानं संगणकात जायची आणि संगणक जोडला होता टीव्हीला. कुंदाताईंनी बटण दाबलं की थेट पुस्तक उघडायचं, आदल्या दिवशी सोडलं होतं त्याच ओळीवर. मध्ये कुठला निरोप नाही, परवानगी नाही, जाहिरात नाही. कीबोर्डची लांब पट्टीची कळ दाबली की पुढचे शब्द. अक्षरं तळहाताएवढी, म्हणून टीव्हीवर एका वेळी चारच शब्द मावायचे. त्या जरा तिरक्या बसायच्या आणि डोळ्याच्या कडेनं वाचायच्या.

"आधी पुस्तकं गिळायचे," मला म्हणाल्या. "आता चावून खाते."

"भाड्याच्या घरात जमलं असतं काय हे?" म्हात्रे साहेबांनी लगेच मधे तोंड घातलं. सगळं त्यांनी स्वतः जुळवलं होतं, आणि दर शनिवारी त्याची देखभाल करायचे. त्यालाही ते कौलं परतणंच म्हणायचे.

एकच खोट होती. पान उलटू नये म्हणून ते डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचे, आणि तो अंगठा प्रत्येक फोटोत यायचा. कंपनीत कधीतरी व्हॉल्व्हखाली सापडलेला, मधोमध चिरलेल्या नखाचा. टीव्हीवर तो भरताच्या वांग्याएवढा दिसायचा. "अहो, इथं ती बाई नवऱ्याला सोडून चाललीय," कुंदाताई ओरडायच्या, "आणि मधे तुमचा अंगठा." ते म्हणायचे, उद्या काढतो. अंगठा कधी निघाला नाही. आमच्या वाचनालयातली निदान एक फळी कादंबऱ्या त्यांनी अशा अंगठा लावून घरी नेल्या असतील.

आणि मग एका दिवाळीनंतर लोक गंमत म्हणून एकमेकांना सांगायला लागले, की म्हात्रे वठणीवर आले. ते घरोघर जाऊन लिनक्स काढत होते आणि विंडोज बसवत होते. ज्या घरांतून त्यांनी विंडोज हुज्जत घालून हाकललं होतं, त्याच घरांत. काम नेहमीसारखं नीटनेटकं. एक फोटो हरवला नाही, कुणाचं एक कागदपत्र इकडचं तिकडं झालं नाही. आमच्या वाचनालयातही आले आणि त्यांनीच बसवलेलं लिनक्स काढलं. "बाजारातल्या माणसाला कळेल असं करून ठेवतो," एवढंच बोलले. मी चेष्टेत म्हटलं, "कंटाळलात वाटतं कौलं परतून?" ते हसले. देशमुखांनी तर सोसायटीच्या फाटकात चारचौघांसमोर विचारलं, "काय म्हात्रे, हरलात ना शेवटी?"

"हरलो, देशमुख," ते म्हणाले. देशमुखांनी मला हे मोठ्या आनंदानं सांगितलं होतं. पुढं तोच माणूस ते आठवून माझ्यासमोर रडला.

मग एका रविवारी ते एसटीनं पेणला माझ्या घरी आले. माझ्याही संगणकावर त्यांचं लिनक्स होतं. मी संगणकाची खुर्ची पुढं केली, पण ते पलंगावर बसले. चहा आणला, तर त्यांनी कप उचलला आणि प्यायला लागले.

"साहेब, मशीन अजून उठलं नाही," मी म्हटलं.

"असू दे गो. चहा गरम हाय."

तेव्हा मी त्यांच्याकडं नीट बघितलं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं दिसत होतं. घरोघरचे लोक त्यांना हसत होते, मी हसले होते, आणि इतक्या दिवसांत कुणीही त्यांच्याकडं बघितलं नव्हतं. मी विचारलं, काय होतंय. त्यांनी कप खाली ठेवला.

"मुंबईला दाखवलं. पोटात हाय. आता कापून पण उपयोग नाय म्हणतात."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मग अशा तब्येतीत हे काय करत फिरताय? राहू द्यायचं होतं जसं होतं तसं."

"कसं राहू देणार? मी सांगितलं होतं ना सगळ्यांना, कौलं मी परतीन म्हणून. लोकांनी माझ्या भरवशावर घेतलं. रिलिव्हर शोधला बाय. दोघातिघांना विचारलं. कोणाला येळ नाय, कोणाला गोडी नाय. चार्ज घ्यायलाच कोण नाय तर काय करणार? भाड्याच्या घरात तरी बाजारातला माणूस येतो बघायला." मग म्हणाले, "माझा बाप गेला तवा आम्ही भाऊ नोकरीला. खारेपाटातलं घर दोन पावसांत बसलं. कौलं फुटली नव्हती. नुसती सरकली होती. वर चढून एक हात फिरवायचा होता, तेवढा कोणी फिरवला नाय."

मी विचारलं, कुंदाताईंना सांगितलंत का.

"नाय. तिचं मशीन शेवटी ठेवलंय. ते आधी विंडोजवर बसवतो, तिला सवय करतो, मग सांगतो. मी नसलो आणि तिचं पुस्तक उघडलंच नाय तर? ती कोणाला हाक मारणार? एक वाचनच उरलंय तिच्यापाशी." मग ते उठले आणि माझं मशीन चालू केलं. जाताना मी कुंदाताईंसाठी पोह्याचे पापड बांधून दिले, ते पिशवीत मोडू नयेत म्हणून हातात धरून नेले.

पुढच्या आठवड्यात ते पुस्तकं बदलायला आले नाहीत. दोन पुस्तकं घेऊन मीच दुपारी पूल ओलांडून गेले. दार उघडंच होतं. आतून कुंदाताईंचा आवाज येत होता.

"हात लावायचा नाय मशीनला."

म्हात्रे साहेब डबी हातात घेऊन टीव्हीपाशी उभे होते आणि कुंदाताई संगणकाच्या पुढं खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी भांडण थांबवलं नाही, उलट साक्षीला घेतलं. "बघ गो बाय. साऱ्या अष्टमीत विंडोज टाकत फिरतात आणि विचारलं तर म्हणतात, आता माझं वय झालं. डोळे गेलेत माझे, कान हायत. प्रिंटरपायी आठवडाभर बोलला नाय हा माणूस माझ्याशी. तो फाटकात उभा राहून हरलो म्हणतो? त्याच दिवशी मी समजले. वाट बघत होते, कधी सांगतात."

म्हात्रे साहेब शेजारी स्टूल ओढून बसले. म्हणाले, "तुझ्यासाठीच करतोय ना."

"मग मला द्या की चार्ज. दुनियेत रिलिव्हर शोधलात. घरात विचारलंत?"

"कुंदा, तुला दिसत नाय नीट."

"अक्षरं मोठी करा."

मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. त्यांनी अक्षरं मोठी केली. देखभालीचे हुकूम टाइप करायच्या काळ्या पडद्यावर एका वेळी चारच शब्द दिसतील एवढी मोठी. मग त्यांनी सांगायचं आणि कुंदाताईंनी एकेक कळ चाचपून टाइप करायचं, असं सुरू झालं. चुकायचं, पुसायचं, पुन्हा. म्हात्रे साहेबांचा जन्म दुसऱ्याच्या हातून कीबोर्ड काढून घेण्यात गेलेला. त्यांचा हात सारखा पुढं यायचा. एकदा मशीननं काहीतरी विचारलं, हो की नाही, आणि ते उत्तर द्यायला झुकले.

"थांबा," कुंदाताई म्हणाल्या. "मला वाचू दे."

म्हात्रे साहेब मागं झाले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून घेतले, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि तसेच बसून राहिले. कुंदाताई तिरक्या होऊन डोळ्याच्या कडेनं एकेक शब्द लावत होत्या. वाचून झालं, मग त्यांनी कळ दाबली. काम पुढं सरकलं. मी म्हात्रे साहेबांकडं पाहिलं. चालू मशीन समोर असताना ते पडद्याकडं बघत नाहीत, असं मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. ते बायकोकडं बघत होते, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

होळीच्या आधी ते गेले.

आमच्या वाचनालयातलं मशीन आता बंद आहे. नव्या विंडोजला इतकं जुनं यंत्र चालत नाही, असं बाजारातल्या माणसानं सांगितलं. त्याच वयाचं कुंदाताईंचं मशीन चालतंय. मी उन्हाळ्यात एका शनिवारी त्यांच्याकडं गेले तेव्हा त्या नुकत्याच त्याच्यापुढून उठत होत्या. "परतली कौलं," म्हणाल्या. "आज एकदाच चुकले." चहा त्यांनी त्यानंतर टाकला.

मग पुस्तक उघडलं. चार्जच्या त्या दुपारी मी नेलेल्या दोन पुस्तकांपैकीच एक. म्हात्रे साहेबांना सगळं टिपता आलं नव्हतं, जेमतेम निम्मं झालं होतं. शेवटी शेवटी हात कापत असावा, कारण पानं अंधुक आली होती. अंगठाही हललेला, नखाची चीर दोनदोनदा उमटलेली. कुंदाताई मोठ्यानं वाचत होत्या, लागत नव्हता तो शब्द अंदाजानं घेत होत्या. अंगठ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. एका पानाशी येऊन थांबल्या.

"इथवरच हाय," त्या म्हणाल्या. "पुढची पानं तू काढून देशील?"

"देईन की."

"खिडकीपाशी काढ. उजेड तिथं चांगला येतो." पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिलं, पण लगेच सोडलं नाही. "आणि बाय, तुझा अंगठा येऊ देऊ नको."

मी पुस्तक घेऊन खिडकीशी गेले. दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठेवून पान दाबलं आणि बोटं मागं घेतली. वळून पाहिलं तर टीव्हीवर ते शेवटचं पान तसंच होतं, खालच्या कोपऱ्यात तो चिरलेला अंगठा. कुंदाताई खुर्ची सरकवून त्याच्या अगदी जवळ, तिरक्या बसल्या होत्या.